साठवलेलं परत मिळायला हवं

घरच्या नेटवर्कला जोडून ठेवायचं साठवणुकीचं यंत्र, ज्याला आता सगळेच 'नास' म्हणतात, घ्यायचं मनात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती टेराबाइटचं घ्यावं? मग कोणत्या कंपनीचं, मग किती डिस्कचं. या पुस्तकात हे तिन्ही प्रश्न अगदी शेवटच्या प्रकरणांत येतात. असं का, ते सांगण्यासाठीच ही प्रस्तावना आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: घरच्या नासची पारख एकाच प्रश्नावर करावी. त्यातली एखादी गोष्ट गेली, तर ती किती वेळात, कोणाच्या हातून आणि किती खात्रीने परत आणता येईल? या प्रश्नाचं उत्तर आधी शोधलं की खरेदीची यादी बदलते, यंत्र घरात कुठे ठेवायचं ते बदलतं, आणि काही घरांत यंत्र घ्यायचंच नाही असाही निर्णय होतो. तोही निर्णय चांगलाच, कारण तो विचार करून घेतलेला असतो.

आधी यंत्राबद्दल थोडं. नास म्हणजे एक छोटा संगणकच. त्याला स्वतःची कार्यप्रणाली असते, बहुधा लिनक्सवर उभारलेली; आत एक, दोन किंवा चार हार्ड डिस्क; आणि राउटरला जोडलेली एक केबल. घरातला लॅपटॉप, फोन, टीव्ही या सगळ्यांना तेच फोल्डर दिसतात. विंडोजचे संगणक फाइल वाटून घेण्यासाठी जी भाषा बोलतात ती युनिक्स प्रकारच्या संगणकांना शिकवण्याचं काम अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1991-92 च्या सुमारास कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत विद्यार्थी असताना सुरू केलं. त्यातून आलेला 'सांबा' हा मुक्त प्रोग्राम आज जवळपास प्रत्येक घरगुती नासच्या पोटात आहे, आणि त्यामुळेच स्वस्तातल्या डब्यालाही हे काम जमतं. वेगाचा हिशेब सोपा आहे. साध्या गिगाबिट केबलवरून सेकंदाला 110 मेगाबाइटच्या आसपास माहिती सरकते, म्हणजे एक टेराबाइट अडीच तासांत. तेवढीच माहिती 50 एमबीपीएसच्या अपलोडने बाहेर पाठवायची तर अखंड 44 तास हवेत. घरातला साठा घरातच असण्याचा पहिला खरा फायदा हा आहे, आणि तो खाली परत येईल.

आता मूळ गैरसमजाकडे वळू. दोन डिस्कचं नास घेतलं, एकीवरचं दुसरीवर आपोआप उमटतं, म्हणजे बॅकअपचं काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. या आरसा-पद्धतीचं कूळ शोधलं की हा समज कुठे चुकतो ते कळतं. 1988 साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी काट्झ यांनी 'रेड' या कल्पनेवर निबंध सादर केला. त्यांचा प्रश्न असा होता, की आयबीएम 3380 सारख्या अवाढव्य आणि महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकात वापरल्या जाणाऱ्या लहान, स्वस्त डिस्कचा ताफा लावता येईल का? अडचणही त्यांनीच आकड्यांत मांडली. एका डिस्कचं सरासरी आयुष्य 30,000 तास धरलं, तर 100 डिस्कच्या ताफ्यातली कोणती तरी एक सरासरी 300 तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, बंद पडणार. म्हणून जास्तीच्या डिस्क, म्हणून आरसा. एखादी डिस्क गेली तरी काम थांबू नये एवढाच त्याचा हेतू होता, आणि तो हेतू रेड आजही उत्तम पार पाडतं.

पण घरातली माहिती डिस्क बिघडल्यामुळेच जाते असं कुठे आहे? चुकून पुसली जाते, व्हायरसच्या तडाख्यात सापडते, चोरीला जाते, पाण्यात जाते. कोणी 'जुने फोटो' हा फोल्डर रिकामा समजून उडवला, तर पहिल्या डिस्कवरून तो ज्या क्षणी जातो त्याच क्षणी दुसरीवरूनही जातो. आरसा चूकसुद्धा इमानाने दाखवतो. शिवाय ज्या एका संकटासाठी आरसा आहे, तिथेही तो निर्धास्त करत नाही. एका दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या दोन डिस्क बहुधा एकाच खेपेतल्या असतात आणि बरोबरीने झिजतात. एक गेली की नवी बसवून तिच्यावर सगळं पुन्हा उतरवावं लागतं. सेकंदाला 150 मेगाबाइटच्या वेगाने 8 टेराबाइट उतरवायला साधारण 15 तास जातात, आणि तेवढा वेळ उरलेली म्हातारी डिस्क तिच्या आयुष्यातलं सगळ्यात कष्टाचं काम करत असते. चुकीने पुसलेल्यावर खरा उतारा म्हणजे 'स्नॅपशॉट'. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या पद्धतीच्या रचनेत फाइल बदलली की नवा मजकूर डिस्कवर वेगळ्या जागी लिहिला जातो आणि जुनी जागा लगेच मोडली जात नाही. त्या जुन्या जागांचा ठरावीक वेळचा नकाशा जपून ठेवणं म्हणजे स्नॅपशॉट. तो क्षणात तयार होतो, सुरुवातीला जागा जवळपास घेत नाही, आणि काल संध्याकाळचा फोल्डर जसाच्या तसा पुन्हा दाखवतो. नास निवडताना डिस्कच्या खणांपेक्षा ही सोय आहे की नाही ते आधी पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्थात स्नॅपशॉटही त्याच डिस्कवर असतो. यंत्रच गेलं तर तोही गेला.

म्हणून वेगळी प्रत. आणि वेगळी प्रत असली तरी ती उघडते का, हे पाहिल्याखेरीज तिला प्रत म्हणू नये. हा आग्रह कोणाला अतिरेकी वाटेल, त्यांनी 1998 साली पिक्सारमध्ये काय झालं ते आठवावं. 'टॉय स्टोरी 2' चं काम चालू असताना कोणीतरी दिलेल्या एका पुसण्याच्या आज्ञेने चित्रपटाच्या फाइल डोळ्यांदेखत नाहीशा होऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो बराच काळ नीट घेतला जात नव्हता आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रविभाग सांभाळणाऱ्या बाईंमुळे. बाळंतपणानंतर घरून काम करता यावं म्हणून त्यांनी घरच्या संगणकावर एक प्रत ठेवली होती. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत असंच घडलं. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या वाटा कागदावर होत्या, ऐन वेळी एकही धड चालली नाही, आणि एका अभियंत्याने सहा तास आधी हाताने घेतलेल्या प्रतीवर निभावलं. ज्यांच्याकडे या कामासाठी पगारी माणसं आहेत त्यांची ही गत. घरात तर कोणी विचारणारंही नसतं. नासच्या पडद्यावर 'बॅकअप पूर्ण' अशी हिरवी खूण दिसते, तिचा अर्थ फाइल पाठवल्या गेल्या एवढाच. त्या परत आल्या तर उघडतील, असं ती खूण सांगत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: एवढी उठाठेव कशाला, क्लाउड आहे ना? क्लाउड वाईट आहे असं मी म्हणणार नाही. गुगलच्या किंवा अ‍ॅपलच्या यंत्रशाळेत माहिती जितक्या काळजीने ठेवली जाते तितकी कोणत्याही घरात ठेवता येणार नाही. प्रश्न डिस्कच्या भरवशाचा नसून अटींचा आहे, आणि त्या अटी एकतर्फी बदलतात. गुगल फोटोजवरची अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 पासून बंद झाली आणि मेल, ड्राइव्ह, फोटो या सगळ्यांना मिळून 15 जीबीची मर्यादा आली. दोन वर्षं वापर नसलेली खाती पुसायला कंपनीने डिसेंबर 2023 पासून सुरुवात केली. घरातलं एखादं माणूस गेलं, त्याचा फोन कपाटात पडून राहिला, तर त्याच्या खात्यावरही हा नियम लागू होतो. 2022 साली एक प्रकरण वृत्तपत्रांत गाजलं: सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने डॉक्टरांना दाखवण्यासाठी आपल्या लहानग्याच्या दुखऱ्या जागेचा फोटो काढला, यंत्राने तो आक्षेपार्ह ठरवला, खातं बंद झालं, आणि पोलिसांनी निर्दोष ठरवल्यानंतरही ते उघडलं नाही. अशी प्रकरणं विरळा आहेत हे खरं. पण आपल्या प्रश्नाच्या कसोटीवर, म्हणजे परत मिळण्याची खात्री कोणाच्या हाती आहे या कसोटीवर, क्लाउडचं उत्तर 'दुसऱ्याच्या' असं येतं. त्यामुळे क्लाउड ही एक प्रत म्हणून जरूर असावी. एकमेव प्रत म्हणून नसावी. मोठा साठा तिथून परत उतरवायला किती तास लागतात, तेही आधी मोजून ठेवावं.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो: मग एक साधी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क काय वाईट? पुष्कळ घरांसाठी ती पुरेशी आहे, हे या पुस्तकात मी लपवलेलं नाही. एकच संगणक, एकच माणूस आणि शिस्त अंगात असेल तर दोन बाहेरच्या डिस्क आलटून पालटून वापरणं हा उत्तम मार्ग आहे. अडचण शिस्तीचीच आहे. डिस्क जोडायची आठवण ठेवावी लागते, आणि चार फोन, दोन लॅपटॉप असलेल्या घरात ती आठवण सगळ्यांनी ठेवावी अशी अपेक्षा टिकत नाही. नासचं मोल इथे आहे: फोन घरच्या वायफायवर आला की फोटो आपोआप उतरतात, लॅपटॉपची रोजची प्रत कोणी न सांगता घेतली जाते. विसरण्यासारखं काम यंत्राकडे गेलं की माणसाकडे तपासण्याचं एकच काम उरतं. विजेचा मुद्दाही काढला जातो. दोन डिस्कचं यंत्र सरासरी 20 वॅट घेतं असं धरलं, तर वर्षाला 175 युनिट होतात. हा खर्च नगण्य नाही, पण ठरवताना निदान आकडा समोर असावा.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो: घरात सर्व्हर ठेवणं म्हणजे चोराला आमंत्रण. याला पुरावा आहे. जून 2021 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या यंत्रांच्या मालकांना एके दिवशी आपली डिस्क कोरी झालेली दिसली. या यंत्रांना 2015 नंतर अपडेट मिळालेलं नव्हतं. शोध घेतल्यावर कळलं, की यंत्र कारखान्यातून आल्यासारखं कोरं करण्याच्या आज्ञेआधी पासवर्ड विचारणाऱ्या ज्या ओळी प्रोग्राममध्ये होत्या, त्या कोणीतरी निष्क्रिय करून ठेवल्या होत्या. पुढच्या वर्षी जानेवारीत 'डेडबोल्ट' या खंडणीखोर प्रोग्रामने क्यूनॅपची इंटरनेटवर उघडी असलेली यंत्रं गाठली आणि कुलूप काढण्यासाठी प्रत्येकाकडून 0.03 बिटकॉइन मागितले. दोन्हीत समान काय? यंत्रं बाहेरून थेट गाठता येत होती. म्हणून या पुस्तकाचा नियम कडक आहे: राउटरमध्ये नाससाठी एकही पोर्ट उघडायचा नाही, आणि यंत्राला आपणहून पोर्ट उघडू देणारी 'यूपीएनपी' ही सोय बंद ठेवायची. बाहेरगावाहून फाइल हव्या असतील तर वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखा खासगी बोगदा वापरायचा. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवलेले असतात. पोर्ट उघडू पाहणाऱ्यांची त्यावरून चिडचिड होते. मला ती अडचण उपकारकच वाटते. टेलस्केल दोन्ही टोकांकडून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवर चालतं, त्यामुळे त्याचं काम अशा पत्त्यावाचून अडत नाही. याशिवाय रोजच्या वापराचं खातं आणि व्यवस्थापकाचं खातं वेगळं हवं. लॅपटॉपवर खंडणीखोर प्रोग्राम शिरला तर तो त्या लॅपटॉपच्या खात्याला जेवढं लिहिता येतं तेवढंच बिघडवू शकतो, स्नॅपशॉट पुसू शकत नाही. मात्र व्यवस्थापकाचाच पासवर्ड लॅपटॉपवर साठवलेला असेल तर हे सगळं फुकट.

प्रती किती आणि कुठे, यावर अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेलं सूत्र अजून कोणी सुधारलेलं नाही: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. यातल्या 'घराबाहेर' या शब्दाचा अर्थ महाराष्ट्रात नीट लावायला हवा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण. अशा वेळी शेजारच्या इमारतीतल्या भावाकडे ठेवलेली प्रत ही दुसरी प्रत ठरत नाही. सांगलीच्या घराची प्रत पुण्याच्या मुलीकडे असावी, पुण्याची नाशिकला; दोन्ही घरांत नास असेल तर रात्री ती आपापसांत फक्त बदललेला भाग कूटबद्ध करून पाठवू शकतात, आणि मुलगा न्यू जर्सीत असेल तर तिथेही. पहिली मोठी प्रत मात्र डिस्कवर भरून प्रत्यक्ष न्यावी. त्या 44 तासांचा हिशेब इथे उपयोगी पडतो. घरात यंत्र जमिनीलगत ठेवू नये, बंद कपाटात कोंडू नये, आणि पोटमाळ्यावर उन्हाळ्यात भाजू देऊ नये. वीज अचानक गेली तर लिहिणं अर्धवट राहतं, म्हणून नासला यूएसबीने जोडता येणारा छोटा यूपीएस हवा. बॅटरी उतरत आली की तो निरोप देतो आणि यंत्र स्वतः शिस्तीत बंद होतं. घरचा इन्व्हर्टर बहुधा हा निरोप देत नाही, तो नुसता संपतो.

मराठी घराच्या साठ्याची एक वेगळी अडचण आहे, आणि परदेशी मार्गदर्शकांत तिचा उल्लेख सापडणार नाही. नव्वदच्या आणि त्यानंतरच्या दशकातलं आपलं टंकलेखन श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत झालेलं आहे. अशा फाइलमध्ये देवनागरी अक्षरं नसतातच. असतात त्या रोमन चिन्हांच्या जागा, आणि त्या त्या फाँटने त्यांवर काढलेली देवनागरी आकृती. फाँट हरवला की वडिलांचा लेखसंग्रह म्हणजे अर्थहीन खुणांची रांग. नास त्या खुणा बिनचूक जपेल, वाचून मात्र देणार नाही. अशा फाइल साठ्यात टाकतानाच तीन गोष्टी एकत्र ठेवाव्यात: मूळ फाइल, तिचा फाँट, आणि फाँट आत घेतलेली पीडीएफ. युनिकोडमध्ये रूपांतर सवडीने करता येतं. दुसरी बाब नावांची. लिनक्सवर फाइलच्या नावाला 255 बाइटची मर्यादा असते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते काना, मात्रा किंवा हलन्त का असेना, तीन बाइट घेतं. 'आजीचा सहस्रचंद्रदर्शन सोहळा' एवढ्या नावालाच 77 बाइट लागतात. विंडोजवर मोजणी वेगळी असल्याने तिथे बिनतक्रार चाललेलं लांब नाव नासवर उतरवताना अडतं, आणि हजारो फाइलच्या गर्दीत ती एक मागे राहिल्याचं कळतही नाही. काही यंत्रांच्या जुन्या पद्धतीच्या कूटबद्ध फोल्डरमध्ये तर मर्यादा 143 वर येते. देवनागरी नावं जरूर द्यावीत, पण आटोपशीर द्यावीत, आणि तारीख आकड्यांत पुढे लिहावी.

शेवटचा आक्षेप जाणकारांकडूनच येतो: घरात हे समजणारं माणूस एकच असतं, तेच गेलं तर बाकीच्यांच्या हाती एक बंद डबा उरतो, आणि त्यापेक्षा क्लाउड बरा. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. तो कमी मात्र करता येतो. पहिली गोष्ट, यंत्र मेलं तरी डिस्क दुसरीकडे वाचता याव्यात. सिनॉलॉजीसारख्या कंपनीच्या यंत्रातही आतली रचना लिनक्सच्या प्रचलित साधनांचीच असते, त्यामुळे डिस्क साध्या संगणकाला जोडून वाचण्याची वाट राहते. जुन्या संगणकावर ट्रूनास किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट बसवलं तर कंपनीवरचं अवलंबित्व आणखी कमी होतं, पण सांभाळण्याचं काम वाढतं. कंपन्यांची धोरणं बदलतात हे 2025 मध्ये दिसलं, जेव्हा सिनॉलॉजीने काही नव्या यंत्रांत स्वतःच मान्य केलेल्या डिस्कचा आग्रह धरला आणि काही महिन्यांतच मागे घेतला. दुसरी गोष्ट, तीनपैकी एक प्रत मुद्दाम साधी ठेवावी: कुलूप नसलेली, कोणत्याही लॅपटॉपला लावली की उघडणारी बाहेरची डिस्क, वर चिठ्ठी चिकटवलेली. ती चोरीला गेली तर फोटो परक्याच्या हाती पडतील, हा धोका पत्करावा लागतो. आर्थिक कागदपत्रं तिच्यात घालू नयेत, लग्नाचे फोटो घालावेत. तिसरी गोष्ट, एक कागद. त्यावर यंत्र कुठे आहे, प्रती कोणाकडे आहेत, व्यवस्थापकाचा पासवर्ड कोणत्या बंद पाकिटात आहे, आणि मदतीला कोणाला फोन करायचा, एवढंच. हा कागद मृत्युपत्राशेजारी ठेवावा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने, ज्याला यातलं काही कळत नाही त्याने, तो वाचून एक फाइल परत आणून दाखवावी. त्या माणसाला जमलं नाही तर दोष कागदाचा आहे, तो पुन्हा लिहावा.

ज्यांनी अजून काहीच घेतलेलं नाही त्यांनी पुस्तक क्रमाने वाचावं: आधी घरात काय काय आहे त्याची यादी, मग त्यातलं गेलं तर चालणार नाही असं काय, मग प्रती, मग सराव, आणि खरेदी सर्वांत शेवटी. ज्यांच्याकडे यंत्र चालू आहे त्यांनी थेट सरावाच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी हरकत नाही. घराबाहेरच्या प्रतीवरून एक फोल्डर निवडायचा, तो मूळ जागी न टाकता वेगळ्या नावाने नासवर आणायचा, त्यातले काही फोटो उघडायचे, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवायचा, फाइलची संख्या मूळ फोल्डरशी ताडून पाहायची, आणि किती वेळ लागला ते तारखेसह त्याच कागदावर लिहून ठेवायचं. संख्या जुळली नाही, तर पुढचं प्रकरण उघडण्याआधी कोणत्या फाइल मागे राहिल्या ते शोधावं. बहुतेक वेळा लांब नावं, अडलेली परवानगी किंवा भरत आलेली डिस्क, यांपैकी एक कारण निघतं.